फिल्म घेतली, पण स्कॅन घेतला का?

मिरजेत सकाळी ओपीडीच्या वेळेला कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या पायरीवर पाहा, लोकांच्या काखेत ती मोठी पाकिटं असतातच. जत, आटपाडी, कवठेमहांकाळची माणसं, तिकडून अथणी, विजापूर, बागलकोटची. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी इथं रुग्णालय सुरू केलं तेव्हापासून लांबलांबचे लोक या गावाला दाखवायला येतात. पाकिटात दोन-तीन फिल्म आणि एक रिपोर्ट असतो, आणि हाच आपला स्कॅन अशी बहुतेकांची समजूत असते.

फिल्म म्हणजे स्कॅनमधल्या निवडक चित्रांचा छापील कागद. पोटाची सीटी घ्या. मशीन पातळ कापांची चारशे-सहाशे चित्रं तयार करतं. १४ बाय १७ इंचाच्या एका फिल्मवर वीस-तीस चौकटी बसतात, म्हणजे तीन फिल्म दिल्या तरी साठ-नव्वद चित्रं. बाकीची गेली कुठं? ती सेंटरच्या कॉम्प्युटरवर असतात, आणि तिथली जागा भरली की एक दिवस पुसली जातात. शिवाय प्रत्येक चित्रात काळ्या-पांढऱ्याच्या सुमारे ४,००० छटा नोंदलेल्या असतात. फिल्म छापताना त्यातला एकच पट्टा निवडावा लागतो. पोट दिसेल असा पट्टा निवडला की त्याच चित्रातलं फुप्फुस नुसतं काळं दिसतं. माहिती मूळ फाइलमध्ये असते, फिल्मवर उतरत नाही.

या मूळ फाइलला डायकॉम म्हणतात. एक्स-रे, सीटी, एमआरआय, मॅमोग्राफी, अँजिओग्राफी, जगभरची सगळी मशिनं हीच भाषा बोलतात. १९८५ साली अमेरिकेत रेडिओलॉजिस्टांची संघटना आणि मशीन बनवणारे कारखानदार यांनी मिळून पहिलं मानक काढलं, आणि १९९३ पासून ते डायकॉम या नावानं चालू आहे. मिरजेत काढलेली सीटी मुंबईच्या टाटा हॉस्पिटलच्या स्क्रीनवर जशीच्या तशी उघडते ती यामुळे. म्हणून सांगणं एकच: फिल्म घ्या, रिपोर्ट घ्या, पण डायकॉम घेतल्याशिवाय सेंटर सोडू नका.

काउंटरवर काय मागायचं

'सीडी द्या' एवढं म्हणणं पुरत नाही. सीडीत नुसते जेपीजी फोटो आणि रिपोर्टची पीडीएफ घालून देणारी सेंटरं आहेत. तपासणीला आत जातानाच टेक्निशियनला सांगावं: 'दादा, सगळ्या सिरीज डायकॉममध्ये द्या, थिन स्लाइससकट.' सिरीज म्हणजे एकाच स्कॅनमधले चित्रांचे वेगवेगळे गट, आणि थिन स्लाइस म्हणजे पातळ काप. आत जातानाच अशासाठी, की पातळ कापांची चित्रं बऱ्याच ठिकाणी मुख्य सर्व्हरवर पाठवतच नाहीत. ती मशीनच्याच डिस्कवर राहतात आणि काही दिवसांत नव्या पेशंटसाठी जागा करायला पुसली जातात. महिन्यानं मागायला गेलात तर ५ मिलिमीटरचे जाड काप मिळतील, १ मिलिमीटरच्या आसपासचे पातळ मिळणार नाहीत.

पातळ काप सगळ्यांना लागत नाहीत. मुतखड्याच्या नेहमीच्या केसला जाड कापांवर भागतं. पण हाडाचं ऑपरेशन ठरवायचं असेल, सायनस, कानाचं हाड, जबडा, रक्तवाहिन्यांची सीटी किंवा फुप्फुसातली छोटी गाठ असेल, तर सर्जनला पातळच हवे असतात. पातळ कापांतून आडवं, उभं, तिरकं कसंही चित्र नव्यानं बांधता येतं. जाड कापांतून बांधलं तर पायऱ्या-पायऱ्या दिसतात.

नाव नोंदवताना आधार कार्डवर जसं आहे तसंच, त्याच क्रमानं सांगा. आपल्याकडं कधी आडनाव आधी, कधी नंतर, कधी मधे वडिलांचं नाव, कधी नवऱ्याचं. कॉम्प्युटरला हे तीन वेगळे पेशंट वाटतात. वय एका ठिकाणी ५८, दुसऱ्या ठिकाणी ६० असेल तर मग विचारायलाच नको. दोन वर्षांनी जुन्या-नव्या स्कॅनची तुलना करायची वेळ येते तेव्हा डॉक्टरांच्या स्क्रीनवर जुना स्कॅन शोधून सापडत नाही, कारण तो दुसऱ्याच नावाखाली पडलेला असतो.

सीडी हातात आली की तिथंच एकदा उघडून दाखवायला सांगा. नाव तुमचंच आहे का, तारीख आजची आहे का आणि सिरीज किती आहेत, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. गर्दीच्या सेंटरवर पाकिटं अदलाबदल होऊ शकतात. ते तिथंच लक्षात आलं तर दोन मिनिटांचं काम, पुण्यात डॉक्टरांसमोर लक्षात आलं तर सगळी फेरी वाया.

पेनड्राइव्हवर मागितलं तर बरीच सेंटरं नाही म्हणतात. बाहेरचा पेनड्राइव्ह म्हणजे व्हायरस, आणि त्यांच्या सगळ्या मशिनी एकाच नेटवर्कवर असतात. ही भीती रास्त आहे, तिथं वाद घालू नका. सीलबंद नवा पेनड्राइव्ह दिला तर काही ठिकाणी चालतो.

रुग्णालयात दाखल असताना काढलेल्या स्कॅनची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत: दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायच्या, आणि रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागणी केली की ७२ तासांच्या आत द्यायच्या. सिव्हिलला किंवा मोठ्या खासगी रुग्णालयात यासाठी मेडिकल रेकॉर्डचा वेगळा विभाग असतो. साध्या कागदावर अर्ज लिहा: रुग्णाचं नाव, केस पेपर नंबर, दाखल आणि डिस्चार्जची तारीख, आणि 'डायकॉम स्वरूपातील सर्व प्रतिमा' हे शब्द. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स जोडा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी मागणी उद्यावर जाते, पोच घेतलेली मागणी सहसा जात नाही.

घरी उघडताना

आजकाल लॅपटॉपला सीडीचा ड्राइव्ह नसतो. यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह हजार-दीड हजारात मिळतो. तेवढ्यासाठी विकत घ्यायचा नसेल तर गल्लीतल्या कॉम्प्युटरवाल्याकडं किंवा फोटो स्टुडिओत असतो. मात्र कॉपी झाल्यावर त्यांच्या कॉम्प्युटरवरची प्रत समोरच डिलीट करून घ्या आणि रिसायकल बिनही रिकामा करायला लावा.

सीडी उघडली की आत काय दिसतं ते माहीत असलं म्हणजे गोंधळ उडत नाही. एक 'डायकॉमडिर' नावाची फाइल असते, ती सगळ्याची अनुक्रमणिका. मग एक-दोन फोल्डर आणि त्यांत शेकडो फाइली, नावं आठ अक्षरांच्या आतली, सगळी कॅपिटल, आणि शेवटी टिंब देऊन असतो तसला कुठलाही प्रत्यय नाही. डबल क्लिक केलं की विंडोज विचारतं, कशात उघडू? इथं लोकांना वाटतं सीडी खराब आहे. सीडी ठीक असते. या फाइली एकेक उघडायच्याच नसतात, पूर्ण फोल्डर एकदम व्ह्यूअरला, म्हणजे ही चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, द्यायचा असतो.

बऱ्याच सीडीत सेंटरनं स्वतःचा व्ह्यूअर घातलेला असतो. तो विंडोजवरच चालतो, मॅकवर आणि मोबाइलवर नाही. कधी विंडोज निळी खिडकी दाखवून त्याला अडवतं, कधी अँटिव्हायरस अडवतो. आणि थेट सीडीवरून चालवला तर प्रत्येक चित्रासाठी सीडी गरगरत राहते आणि माणूस वैतागतो. त्यापेक्षा सबंध सीडी हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि स्वतःचा व्ह्यूअर वापरा. विंडोजसाठी मायक्रोडायकॉम घरगुती वापराला फुकट आहे. रेडिअंट फार वेगवान आहे, त्याची चाचणी आवृत्ती मिळते. मॅकसाठी होरोस आहे. वीसिस मुक्त स्रोताचं आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. माझं मत विचाराल तर विंडोजवाल्यानं मायक्रोडायकॉमपासून सुरुवात करावी, आटोपशीर आहे.

कॉपी करताना फोल्डरचा रस्ता छोटा ठेवा. डी ड्राइव्हवर थेट एक फोल्डर करा, डेस्कटॉपवर फोल्डरच्या आत फोल्डर नको. बाहेरच्या फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, काही जुने व्ह्यूअर देवनागरी नाव पाहून अडतात. आतल्या फाइलींची नावं मात्र चुकूनही बदलू नका, कारण अनुक्रमणिका त्याच नावांनी फाइली शोधते. 'नीट लावून ठेवूया' म्हणून नावं बदलली की सीडीचा व्ह्यूअर 'फाइल सापडत नाही' म्हणून थांबतो. असं आधीच झालं असेल तर घाबरू नका. अनुक्रमणिका बाजूला ठेवून फोल्डर थेट व्ह्यूअरवर ओढून टाका. पेशंटचं नाव, सिरीज, क्रमांक हे सगळं प्रत्येक फाइलच्या पोटात लिहिलेलं असतं, त्यावरून चांगला व्ह्यूअर सगळं पुन्हा जुळवतो.

आता आकार बघा. खरं डायकॉम आहे की फोटो, हे आकारावरून लगेच कळतं. सीटीचा एक काप ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, म्हणजे अर्धा एमबी. चारशे काप म्हणजे २०० एमबी. तुमच्या सीटीच्या सीडीत सगळं मिळून ८ एमबीच भरत असेल तर तुम्हाला फोटो दिलेत, परत जाऊन मागा. एमआरआय लहान असतो, त्याची चित्रं बहुधा कमी ठिपक्यांची. डिजिटल एक्स-रेचं एकच चित्र दहा एमबीच्या आसपास जातं, आणि मॅमोग्राफीचं त्याहून मोठं.

कॉपी करताना मधेच थांबून 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असा एरर आला तर सीडीवर ओरखडा आहे किंवा बर्न करतानाच बिघडली आहे. मऊ सुती कापडानं मधून कडेकडं सरळ रेषेत पुसा, गोल गोल पुसू नका. दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा, कधी एक ड्राइव्ह वाचत नाही ते दुसरा वाचतो. तरीही नाहीच झालं तर लगेच सेंटरला फोन करा, डेटा त्यांच्याकडं आहे तोवर दुसरी सीडी मिळते. आणि सेंटरच्या कॉम्प्युटरवर उघडते पण बाहेर कुठंच उघडत नाही अशी सीडी असेल, तर बर्न करताना ती बंद म्हणजे फायनलाइझ केलेली नाही. तो त्यांचा दोष, बदलून मागा.

पाहताना

पहिली गोष्ट डाव्या-उजव्याची. आडव्या कापांत रुग्णाची उजवी बाजू स्क्रीनच्या डाव्या हाताला असते, जणू रुग्ण उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायाशी उभे राहून बघतोय. म्हणून यकृत डावीकडं दिसतं. कडेला आर, एल ही अक्षरं असतात, ती बघायची सवय लावा.

सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो, हाउन्सफील्ड एकक. पाणी शून्य, हवा उणे १,०००, चरबी उणे शंभरच्या जवळपास, घट्ट हाड कित्येकशे. स्क्रीनवर यातला कुठला पट्टा दाखवायचा ते विंडो आणि लेव्हल ठरवतात. फुप्फुसासाठी रुंदी १,५०० आणि पातळी उणे ६००, पोटासाठी ४०० आणि ४०, मेंदूसाठी ८० आणि ४०, हाडासाठी साधारण २,००० आणि ४००. व्ह्यूअरमध्ये हे तयार पर्याय असतात. विंडोचं टूल निवडून चित्रावर माऊस आडवा-उभा ओढला तरी बदलतं. छातीचा एकच काप घ्या आणि हे तीन-चार पर्याय फिरवून बघा: फुप्फुसातल्या बारीक नळ्या, मग हृदयाचा आकार, मग बरगड्या. फाइल तीच. फिल्मपेक्षा ही फाइल का हवी ते एवढ्यात कळतं. चित्र नुसतं उजळ-अंधुक होण्यापलीकडं काही बदलतच नसेल, तर तो जेपीजी आहे.

एमआरआयला असे ठराविक आकडे नसतात. तिथं सिरीजची नावं बघायची. टी-१ मध्ये पाणी काळं, टी-२ मध्ये पांढरं. मणक्याच्या एमआरआयमध्ये टी-२ चा उभा काप उघडला की मज्जारज्जूभोवतीचं पाणी पांढऱ्या पट्ट्यासारखं दिसतं, आणि गादी सरकली असेल तर तो पट्टा तिथं दबलेला दिसतो. एल-४, एल-५ हे कमरेचे मणके मोजून खात्री करायची असली तर मोजणी रिपोर्टशी ताडून बघा. काहींच्या कमरेला मणका एक कमी-जास्त असतो आणि मोजणी चुकते.

पाहताना रिपोर्ट शेजारी ठेवा. चांगल्या रिपोर्टमध्ये 'सिरीज ४, इमेज ३७' असा उल्लेख असतो, थेट तिथं जा. मोजपट्टीचं टूल सीटी आणि एमआरआयवर भरवशाचं आहे. साध्या एक्स-रेवर नाही, कारण किरण पसरत येतात आणि चित्र खऱ्यापेक्षा मोठं उमटतं.

आणि इथं थांबायचं. स्वतःचा स्कॅन पाहावा, समजून घ्यावा, डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता यावा इतपत पाहावा. निदान करू नये. यकृतावरचा काळा ठिपका निरुपद्रवी पाण्याची पिशवी असू शकते, आणि तुम्हाला अगदी स्वच्छ वाटलेल्या मेंदूत अर्धांगाची ताजी खूण एका सिरीजमध्येच दिसू शकते. रात्री दोन वाजता मोबाइलवर शोधून घाबरलेला माणूस सकाळी डॉक्टरांना धड सांगूही शकत नाही.

लिंक, मोबाइल, व्हॉट्सअप

आता बरीच सेंटरं सीडीऐवजी लिंक किंवा क्यूआर कोड देतात. सोय आहे, पण लिंक म्हणजे प्रत नव्हे. तिला मुदत असते, आणि मुदत संपली की ती उघडत नाही. आली त्याच दिवशी कॉम्प्युटरवर उघडा, डाउनलोडचं बटण शोधा आणि 'डायकॉम' किंवा 'झिप' निवडा. नुसती पीडीएफच उतरत असेल तर सेंटरला फोन करून पूर्ण स्टडी, म्हणजे सगळ्या चित्रांच्या फाइली, मागा. आभा म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खातं, १४ अंकी क्रमांकाचं, ते काढलेलं असेल तर चांगलंच. रिपोर्ट त्याला जोडता येतात. पण चित्रांच्या फाइली तिथं आपोआप येऊन पडतील असं धरून चालू नका.

अँड्रॉइडवर इमेओसचा डायकॉम व्ह्यूअर चालतो. झिप फाइल फोनमध्ये घ्या, फोल्डर मोकळा करा आणि तो उघडा. ब्राउझरमध्ये चालणारे व्ह्यूअरही आहेत. काही तुमच्या फाइली त्यांच्या सर्व्हरवर चढवतात, काही तुमच्याच कॉम्प्युटरवर वाचतात. कसं ओळखायचं? फाइल दिल्यावर इंटरनेट बंद करून बघा, चित्रं तरी उघडत राहिली तर काम घरातल्या घरात चाललंय.

डॉक्टरांना व्हॉट्सअपवर पाठवायचं असेल तर झिप करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंत जातं. फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअप चित्र दाबून छोटं करतं आणि नेमकी बारीक रेघ पुसली जाते. फिल्मचाच फोटो पाठवण्यावाचून गत्यंतर नसेल तर ट्यूबलाइटसमोर धरू नका, मधे पांढरा पट्टा आणि कडेला अंधार येतो. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान पूर्ण उजेडात उघडा, खोलीतले दिवे मालवा, फिल्म स्क्रीनपासून वीतभर पुढं धरा म्हणजे स्क्रीनचे ठिपके उमटत नाहीत. फ्लॅश बंद. आधी पूर्ण फिल्म, मग चार भाग वेगळे. हेही डॉक्युमेंट म्हणूनच.

अनोळखी ठिकाणी मत विचारायला पाठवणार असाल तर नाव काढा. फाइलच्या पोटात नाव, वय, नोंदणी क्रमांक सगळं असतं. व्ह्यूअरमध्ये अ‍ॅनॉनिमाइझचा पर्याय असतो. पण सोनोग्राफीत नाव चित्रावरच छापलेलं असतं, ते त्या पर्यायानं जात नाही, काळी पट्टी मारावी लागते.

अँजिओग्राफीची सीडी वेगळी. तिच्यात प्रत्येक फाइल म्हणजे एक छोटा चित्रपट असतो, आणि तो बहुधा दाबून साठवलेला, त्यामुळं मोबाइलवरचे साधे व्ह्यूअर काळी चौकट दाखवतात. कॉम्प्युटरवर उघडा. स्टेंट टाकलेल्या माणसानं ही सीडी जिवापाड जपावी. पुढच्या वेळी आधीचा स्टेंट कुठं आणि किती लांबीचा, हे डॉक्टर प्रथम त्यातूनच बघतात. सोनोग्राफीचे कागद मात्र उष्णतेनं उमटणाऱ्या कागदावरचे असतात, एसटीच्या तिकिटासारखे काही वर्षांत पांढरे पडतात. घरी आल्याबरोबर स्कॅन करा किंवा नीट उजेडात फोटो काढा.

जपून ठेवताना

जुना स्कॅन का जपायचा? फुप्फुसात ८ मिलिमीटरची घट्ट गाठ दिसली, तर ती नवी की जुनी हाच पहिला प्रश्न. तीच गाठ दोन वर्षांपूर्वीच्या सीटीत तेवढीच होती हे दाखवता आलं तर पुढच्या कित्येक तपासण्या टळू शकतात. जुना रिपोर्ट त्यासाठी अपुरा पडतो, कारण त्या वेळी ती गाठ कुणी मोजलेलीच नसेल. जुनी फाइल असली की आज मोजता येते. आणि प्रत हरवली म्हणून पोटाची सीटी पुन्हा काढायची तर पुन्हा साधारण ८ मिलिसिव्हर्ट किरण घ्यायचे. छातीच्या एका एक्स-रेला ०.१ किंवा त्याहूनही कमी लागतात.

प्रत्येक स्कॅनला एक फोल्डर. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग सीटी की एमआरआय, मग अवयव. असं लिहिलं की फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमानं लागतात. त्यातच रिपोर्टची पीडीएफ ठेवा. मग पूर्ण फोल्डर सेव्हन-झिपनं बंद करून पासवर्ड घाला, साधारण निम्म्या आकारात बसतो. गूगल ड्राइव्हवर सुट्ट्या पाचशे फाइली चढवू नका, मधेच नेट गेलं की किती चढल्या ते कळत नाही. एक झिप चढवा. फुकटच्या १५ जीबीत एका घराचे पुष्कळ स्कॅन मावतात. दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला नाही. पासवर्ड घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या. ज्याचा स्कॅन, तोच आयसीयूत असू शकतो.

फिल्मबद्दल एक कळकळीची विनंती: लॅमिनेट करू नका. आजच्या बहुतेक ड्राय फिल्म उष्णतेनं उमटवलेल्या असतात. लॅमिनेशनच्या गरम रोलरमधून गेली की फिल्म काळी ठिक्कर पडते, परत येत नाही. मार्च-एप्रिलच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तरी हळूहळू काळवंडते. कपाटात उभी ठेवा, थप्पी लावू नका. सीडीवर लिहायचं तर मऊ मार्करनं, बॉलपेननं नाही, आणि वर कागद चिकटवू नका.

आपल्याकडं पुराचा विचार वेगळा करावाच लागतो. २००५, २०१९, २०२१. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. घर सोडताना दागिने आणि जमिनीचे कागद बरोबर घेतले जातात, दवाखान्याच्या पिशव्या तळमजल्यावरच राहतात. म्हणून एक प्रत ऑनलाइन असायलाच हवी, आणि हार्ड डिस्क नदीकाठच्या घरात नको, विटा-तासगावच्या नातेवाइकांकडं ठेवा.

तरीही पाकीट भिजलंच तर फिल्म तशाच वाळू देऊ नका. एकमेकींना चिकटून वाळल्या की सोडवताना वरचा थरच निघतो. गाळ सुकायच्या आत घमेल्यात स्वच्छ पाणी घ्या, त्यात फिल्म बुडवून पाण्यातच एकेक सोडवा, चोळू नका. कोपऱ्याला चिमटा लावून सावलीत दोरीवर टांगा. जुन्या, धुऊन काढलेल्या एक्स-रे फिल्म यातून बऱ्यापैकी वाचतात, ड्राय फिल्मचं काही सांगता येत नाही, पण पद्धत तीच. सीडी साध्या पाण्याखाली धरून गाळ जाऊ द्या, मग पुसा आणि वाळल्यावर पहिल्यांदा कॉपीच करा. भिजलेल्या हार्ड डिस्कला वीज लावून बघण्याचा मोह टाळा. चालू केली की आतला गाळ तबकडीवर घासतो आणि दुरुस्तीवाल्यालाही काही काढता येत नाही.

पुण्या-मुंबईला दुसरं मत घ्यायला जाताना झिपची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, पण पासवर्ड काढून, तिथल्या काउंटरवर तो टाकत बसायला कुणाला वेळ नसतो. सोबत मूळ सीडी, फिल्म आणि रिपोर्ट. फिल्म नेल्यावर पाकिटावर नाव आणि किती फिल्म ते लिहा, परत घेताना मोजा. कॅन्सरची शंका असेल तर नुसता स्कॅन पुरत नाही. बायोप्सी जिथं तपासली त्या लॅबमधून मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइडही मागून न्या, कारण मोठी केंद्रं त्या पुन्हा स्वतः तपासतात. ब्लॉक उन्हात ठेवू नका, मेण वितळतं. स्लाइड डबीतच हव्यात, पिशवीत सुट्ट्या टाकल्या की स्टँड येईपर्यंत फुटतात.